लँकस्टर काउंटीतील शनिवार-रविवार : मराठी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, फिलाडेल्फिया, डेलावेअर आणि बाल्टिमोर या भागांतील अनेक मराठी कुटुंबे पेनसिल्व्हेनियातील लँकस्टर काउंटीत सुट्टीसाठी येतात आणि बहुतेक जण घोडागाडीतून एक फेरी मारून, दुकानातून मुरंब्याची बरणी घेऊन परत जातात. येथील गावांचे स्वतःचे कार्यक्रम, म्हणजे लिलाव, जत्रा, बाजार आणि अंगणातली जेवणे, त्यांच्या दृष्टीस पडत नाहीत, कारण ते पर्यटकांसाठी भरवलेलेच नसतात. येथे राहू लागल्यापासून परिचितांनी आम्हांला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

काउंटी म्हणजे जिल्हा समजावा का? आणि ही काउंटी खरोखर ग्रामीण आहे का?

सोयीसाठी जिल्हा समजण्यास हरकत नाही, मात्र आपल्याकडील जिल्ह्याच्या मानाने ही लहान आहे. १७२९ साली स्थापन झालेल्या या काउंटीची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेनुसार साडेपाच लाखांच्या थोडी वर होती आणि त्यांपैकी जेमतेम अठ्ठावन्न हजार लोक लँकस्टर शहरात राहत होते. बाकीची वस्ती लहान गावांत आणि शेतांवर विखुरलेली आहे. मोठ्या शहरांच्या इतक्या जवळ असूनही येथील शेती टिकली, याचे एक कारण असे की एक लाख एकरांहून अधिक जमीन कायमस्वरूपी करारांनी शेतीसाठी राखून ठेवलेली आहे आणि तिच्यावर घरांच्या वसाहती उभ्या करता येत नाहीत. नावाचा स्थानिक उच्चार पहिल्या अक्षरावर जोर देऊन केला जातो. ‘लँकॅस्टर’ असे दुसरे अक्षर लांबवून म्हटले की पाहुणा लगेच ओळखू येतो.

शनिवारी यावे की रविवारी?

शनिवारी यावे. हे उत्तर आम्ही सर्वांत आधी देतो, कारण सर्वांत जास्त निराशा याच एका गोष्टीमुळे होते. सकाळी निवांत उठून, दोन तास गाडी चालवून रविवारी दुपारी पोहोचलेल्या कुटुंबाला शेतावरची दुकाने बंद, गोधड्यांची दुकाने बंद, आइस्क्रीमचे दुकान बंद आणि रस्त्याकडेचे भाजीचे ठेलेही रिकामे दिसतात. आमिश आणि पारंपरिक वळणाच्या मेनोनाइट लोकांच्या (जुन्या पद्धतीने, साधेपणाने राहणाऱ्या येथील ख्रिस्ती पंथांच्या) दृष्टीने रविवार हा व्यवहाराचा दिवस नाही, आणि गिऱ्हाईक दारात उभे आहे म्हणून त्याला अपवाद केला जात नाही.

आमिश लोकांची प्रार्थनासभा चर्चच्या इमारतीत होत नाही. ती एक रविवार सोडून, आळीपाळीने कोणाच्या तरी घरी भरते, सुमारे तीन तास चालते आणि मग सगळे मिळून जेवतात. बसण्याची बाके एका गाडीत भरून त्या घरी आधीच पोहोचवलेली असतात. मधल्या रविवारी नातेवाइकांकडे जाणे-येणे असते. त्यामुळे रविवारी सकाळी एखाद्या शेताच्या आवारात पंचवीस-तीस घोडागाड्या ओळीने उभ्या दिसल्या, तर तो मेळावा नसून प्रार्थना आहे, हे लक्षात घेऊन गाडी न थांबवता पुढे जावे.

ता. क. ‘आमिश’ या नावाचा आपल्या ‘आमिष’ या शब्दाशी काहीही संबंध नाही. याकोब अम्मान या सतराव्या शतकातील स्विस धर्मनेत्यावरून हे नाव पडले. लहान मुले हा प्रश्न हमखास विचारतात.

शनिवारची सुरुवात कोठून करावी?

लँकस्टर शहराच्या मध्यभागी असलेल्या सेंट्रल मार्केटपासून करावी आणि शक्यतो सकाळी आठच्या आत पोहोचावे. या जागी १७३० सालापासून बाजार भरत आला आहे. आजची लाल विटांची इमारत १८८९ची आहे. मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार हे बाजाराचे दिवस असून शनिवारी दुपारनंतर विक्रेते आवराआवर करू लागतात. आपल्या मंडईची सवय असलेल्यांना येथील शांतता थोडी विचित्र वाटेल, कारण कोणी ओरडून भाव सांगत नाही आणि घासाघीसही चालत नाही. आजूबाजूच्या शेतांतील भाज्या, चीज, पाव, फुले आणि लोणची एका छपराखाली मिळतात.

शुक्रवारची रजा काढता आली तर एफ्राटाजवळचा ‘ग्रीन ड्रॅगन’ हा आठवडी बाजार पाहावा. तो १९३२पासून केवळ शुक्रवारी भरतो. सेंट्रल मार्केटपेक्षा तो कमी नेटका आणि आमच्या मते जास्त मजेदार आहे. कोंबड्या, जुनी अवजारे, कापड, फळांच्या पेट्या आणि गरम पाव हे सगळे एकाच चकरेत दिसते, आणि येथे शेतकरी विक्रेता म्हणूनच नव्हे तर गिऱ्हाईक म्हणूनही येतो.

‘मड सेल’ म्हणजे काय? चिखल विकतात का?

चिखल विकत नाहीत, पण फुकट भरपूर मिळतो. फेब्रुवारीच्या अखेरीस गोठलेली जमीन सैल होऊ लागते आणि याच सुमारास गावोगावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलांचे वार्षिक लिलाव सुरू होतात. हे लिलाव उघड्या शेतांवर भरतात, हजारो पावलांनी ओली माती तुडवली जाते आणि त्यावरूनच हे नाव पडले. बहुतेक लिलाव शनिवारी असतात. स्ट्रासबर्ग आणि गॉर्डनव्हिल येथील लिलाव विशेष प्रसिद्ध आहेत. गॉर्डनव्हिलचा मार्च महिन्यात होतो आणि त्या दिवशी त्या एवढ्याशा गावात घोडागाड्या व मोटारी यांची जी दाटी होते ती पाहण्यासारखी असते.

त्यामागील कारण समजल्याशिवाय हा प्रकार नीट कळत नाही. अमेरिकेच्या ग्रामीण भागात आग विझवणारे लोक बहुधा पगारी नसतात. ते गावातीलच सुतार, शेतकरी आणि दुकानदार असतात आणि भोंगा वाजला की हातचे काम टाकून धावतात. या प्रथेची सुरुवात पेनसिल्व्हेनियातच झाली असे मानतात, कारण बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ साली फिलाडेल्फियात स्वयंसेवकांचे अग्निशमन दल उभे केले होते. माणसे स्वयंसेवक असली तरी बंबाला, इंधनाला आणि पोशाखांना पैसा लागतोच, आणि त्याचा मोठा भाग अशा लिलावांतून उभा राहतो. येथील दलांमध्ये आमिश तरुणही मोठ्या संख्येने असतात. ते मोटार चालवत नाहीत, पण दुसऱ्याने चालवलेल्या बंबावर चढून आगीशी झुंजण्यास त्यांच्या धर्माची आडकाठी नसते.

लिलावास काय असते, असे विचारण्यापेक्षा काय नसते असे विचारणे सोपे. घोडे, बग्ग्या, नांगर, लाकडी कपाटे, खिडक्यांच्या चौकटी, रोपे, खेळणी, फळांच्या पेट्या आणि गोधड्या असे सर्व काही विक्रीस असते. एकाच वेळी मैदानाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत चार-पाच लिलावकर्ते आपापल्या सुरात बोली पुकारत असतात. तो सूर इतका जलद असतो की पहिला अर्धा तास एकही आकडा कळत नाही. मग हळूहळू कान सरावतो, कीर्तनात नव्याने बसलेल्याचा सरावतो तसा.

लिलावात आम्हांला भाग घेता येतो का?

कोणालाही येतो. नोंदणीच्या टेबलावर ओळखपत्र दाखवले की एक क्रमांक मिळतो आणि बोली लावताना तो क्रमांक लिहिलेले कार्ड उंच करायचे असते. घेतलेली वस्तू जशी आहे तशी घ्यावी लागते व परत करता येत नाही, त्यामुळे लिलावाआधी ती हाताळून, उलटून पाहावी. लहान मुलाच्या हातात कार्ड देऊ नये, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आमच्या घरात एक लोखंडी कोंबडा आहे, जो कोणालाही नको होता.

गोधड्यांचा लिलाव सहसा छपराखाली, स्वतंत्र जागेत होतो. दोन माणसे गोधडी उलगडून उंच धरतात आणि बारीक हातशिलाई सर्वांना दिसते. चांगल्या गोधडीची बोली काही शे डॉलरांपासून सुरू होऊन हजाराच्या पलीकडे जाऊ शकते. आमच्याकडे आलेल्या एका आजींनी ती बोली ऐकून आपल्या घरच्या वाकळा आठवून कपाळाला हात लावला होता. दोन्हींत फरक आहे तो असा : आपली गोधडी मुख्यतः जुन्या लुगड्या-धोतरांची आणि ऊब देण्यासाठी शिवलेली असते, तर लिलावाला येणारी येथील गोधडी नव्या कापडाचे तुकडे मोजून-मापून कापून, ठरावीक आकृतिबंधात जोडलेली असते आणि बहुधा अनेक बायकांनी एकत्र बसून, गावाच्या कामासाठी दान म्हणून शिवलेली असते.

इतके लिलाव होण्याचे आणखी काही कारण आहे का?

आहे. आमिश कुटुंबे सहसा आरोग्यविमा घेत नाहीत, आणि अडचणीच्या वेळी आपल्या माणसाचा भार समाजाने उचलावा या तत्त्वामुळे स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या आमिश लोकांना १९६५ साली अमेरिकी संसदेने सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेतून सवलत दिली. त्यामुळे एखाद्याच्या घरी मोठे आजारपण आले की रुग्णालयाचे बिल चर्चमंडळीच्या निधीतून, वर्गणीतून आणि लिलावांतून भागवले जाते. या समाजात काही आनुवंशिक आजारांचे प्रमाण अधिक आहे, कारण शेकडो वर्षे विवाह मर्यादित घराण्यांमध्येच होत आले. अशा मुलांवर उपचार करण्यासाठी डॉ. होम्स मॉर्टन यांनी १९८९ साली स्ट्रासबर्ग येथे ‘क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन’ स्थापन केले. ज्या समाजाची मुले येथे बरी होतात, तोच समाज या दवाखान्यासाठी दरवर्षी वेगवेगळ्या ठिकाणी लिलाव भरवून पैसा उभा करतो. तेथे एखाद्या साध्या ‘पाय’ची (सारण भरून भाजलेल्या कवचाच्या पदार्थाची) बोली अव्वाच्या सव्वा चढताना पाहिली तर नवल वाटू देऊ नये.

आम्ही शाकाहारी आहोत. खाण्याचे काय?

उपाशी राहावे लागत नाही, पण डोळे झाकून काही घेऊ नये. येथील स्वयंपाकात डुकराची चरबी जुन्या काळापासून आपल्याकडील तुपासारखी वापरली जाते आणि ती पदार्थाच्या नावात दिसत नाही. पायचे वरचे कवच तिच्यात मळलेले असू शकते. काही स्थानिक बटाट्याच्या चिप्स तिच्यात तळलेल्या असतात, आणि ईस्टरपूर्व उपवासाच्या आदल्या मंगळवारी केले जाणारे ‘फासनाख्त’ नावाचे डोनट परंपरेने तिच्यातच तळतात. फरसबीच्या शेंगांत हॅमचे किंवा बेकनचे तुकडे असतात, आणि भाज्यांचे दिसणारे सूप बहुधा मांसाच्या पाण्यात शिजवलेले असते. विचारण्यात संकोच करू नये. “यात मांस आहे का?” एवढेच विचारले तर “नाही” असे प्रामाणिक उत्तर येते, कारण चरबीला येथे कोणी मांस म्हणत नाही. म्हणून “चरबी कोणती वापरली आहे?” असे स्पष्टच विचारावे.

निश्चिंतपणे खाता येण्यासारखेही पुष्कळ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये उकडलेली मक्याची गोड कणसे मिळतात. मीठ-तिखट आपले आपण न्यावे, कारण येथे कणसावर फक्त लोणी चोपडतात. ‘चाऊचाऊ’ हे मिश्र भाज्यांचे आंबट-गोड लोणचे आहे आणि ते पोळीबरोबर उत्तम लागते. ‘ॲपल बटर’ या नावात लोणी असले तरी पदार्थात ते नसते. सफरचंदाचा गर मसाले घालून, तासन् तास आटवून केलेला तो मुरंबाच होय. ‘शूफ्लाय पाय’चे सारण काकवीसारख्या मोलॅसिसचे असते आणि गुळाची पोळी आवडणाऱ्यांना ते पहिल्याच घासात ओळखीचे वाटते, मात्र कवचाची चौकशी करूनच घ्यावे. अंडी न खाणाऱ्यांनी भाजलेल्या गोड पदार्थांपासून दूर राहिलेले बरे. पेनसिल्व्हेनियात परवाना घेतलेल्या शेतांवर कच्चे दूध विकण्यास मुभा आहे. ते घेतले तर घरी नेऊन नीट उकळावे, ही सवय आपल्याकडे असतेच.

मांसाहारी मंडळींसाठी अग्निशमन दलांचे कोंबडीचे जेवण हा उन्हाळ्यातील शनिवारचा ठरलेला बेत असतो. लांबलचक जाळ्यांवर शेकडो अर्ध्या कोंबड्या भाजत असतात आणि संपल्या की विक्री थांबते, त्यामुळे दुपारी दोननंतर गेल्यास धुराचा वास तेवढा मिळतो.

लहान मुलांना काय आवडेल?

वाफेच्या इंजिनाची आगगाडी. स्ट्रासबर्ग रेल्वेची स्थापना १८३२ची असून १९५०च्या दशकाच्या अखेरीस ती मोडीत निघण्याच्या बेतात असताना रेल्वेवेड्या लोकांनी विकत घेऊन वाचवली. पॅरडाइज नावाच्या गावापर्यंत जाऊन परत येण्यास सुमारे पाऊण तास लागतो आणि दोन्ही बाजूंना शेते दिसतात, ज्यांत खेचरे नांगर ओढत असतात. समोरच पेनसिल्व्हेनियाचे रेल्वे संग्रहालय आहे. पाऊस आला तर तेथे दोन तास सहज जातात.

जुलैपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत शेतांवर मक्याच्या ताटांमधून भूलभुलैया कापलेले असतात. चेरी क्रेस्ट शेतावरचा भूलभुलैया पाच एकरांचा आहे. सहा-सात वर्षांखालील मुलांना त्यात एकटे सोडू नये. मोठ्या मुलांना मात्र नकाशा देऊन मोकळे सोडावे आणि आपण गवताच्या गठ्ठ्यांवर बसून राहावे.

शरद ऋतूतील गावजत्रांमध्ये काय पाहण्यासारखे असते?

ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत एलिझाबेथटाउन, क्वारीव्हिल, एफ्राटा, न्यू हॉलंड आणि मॅनहाइम या गावांच्या जत्रा एकामागून एक भरतात. काही जत्रा आठवड्याच्या मध्यात सुरू होऊन शनिवारी रात्री संपतात. एफ्राटा आणि न्यू हॉलंड येथील जत्रा मैदानावर नव्हे तर गावाच्या मुख्य रस्त्यावर भरतात, त्यामुळे एरवी वाहनांनी गजबजलेल्या चौकात पाळणे फिरताना दिसतात.

पाळणे कोठेही असतात. येथे येऊन पाहावे ते प्रदर्शन. कोणाचा भोपळा मोठा, कोणाच्या अंड्यांचा रंग एकसारखा, कोणी बाटलीत भरलेल्या शेंगा सरळ उभ्या राहिल्या, यासाठी निळ्या आणि लाल फिती लावलेल्या असतात, आणि शेजारणी त्या फितींचे निकाल अत्यंत गांभीर्याने चर्चितात. गाईंच्या परीक्षणाच्या वेळी पांढरे कपडे घातलेली दहा-बारा वर्षांची मुले आपल्या वजनाच्या कितीतरी पट जनावराला दोरी धरून वर्तुळात फिरवतात. परीक्षक मग ध्वनिक्षेपक घेऊन प्रत्येक गाईच्या पाठीच्या रेषेविषयी आणि कासेविषयी कारणांसह निकाल सांगतो. शेतकरी कुटुंबातून आलेल्या आपल्याकडील ज्येष्ठांना या भागातून उठवणे कठीण जाते.

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. ‘फोर-एच’ या युवक संघटनेची आणि कृषी विद्यार्थ्यांच्या संघटनेची मुले वर्षभर वाढवलेली डुकरे, मेंढे आणि गोऱ्हे जत्रेच्या अखेरीस लिलावात विकतात. स्थानिक व्यावसायिक मुलांच्या शिक्षणाला हातभार म्हणून बाजारभावापेक्षा पुष्कळ जास्त बोली लावतात, आणि जनावर मग कत्तलीसाठी जाते. विक्रीनंतर गोठ्यात जनावराच्या गळ्याला मिठी मारून रडणारे मूल दिसले तर आपली मुले कारण विचारतीलच. उत्तर काय द्यायचे हे प्रत्येक घराने ठरवावे, पण ते आधी ठरवलेले असावे.

भारतातून आलेल्या आई-वडिलांना दिवसभर चालणे झेपत नाही. त्यांच्यासाठी काय करावे?

मड सेल टाळावा, कारण चिखलात काठी रुतते आणि बसायला जागा नसते. त्यांच्यासाठी गावजत्रेतील जनावरांचे परीक्षण, आगगाडी आणि लॅंडिस व्हॅली संग्रहालय ही ठिकाणे अधिक योग्य आहेत. हेन्री आणि जॉर्ज लॅंडिस या भावांनी साठवलेल्या जुन्या घरगुती वस्तूंतून हे संग्रहालय १९२५ साली सुरू झाले. येथील ऑक्टोबरमधील सुगीच्या कार्यक्रमात सफरचंदांचा रस काढणे, दोर वळणे, लोखंड तापवून ठोकणे ही कामे प्रत्यक्ष करून दाखवतात. घडीची खुर्ची गाडीत असावी.

४ जुलैला ते येथे असतील तर लिटिट्झ गावच्या उद्यानात न्यावे. तेथे स्वातंत्र्यदिन १८१८पासून साजरा होत आला आहे, आणि अंधार पडल्यावर झऱ्याच्या काठाने हजारो मेणबत्त्या पेटवतात. दीपोत्सवाची आठवण होणे साहजिक आहे. फरक इतकाच की डास येथे जास्त आहेत.

आमिश लोकांचे छायाचित्र काढता येईल का?

चेहरा ओळखू येईल असे काढू नये. मूर्ती करू नये या बायबलमधील आज्ञेचा आणि स्वतःला मिरवू नये या शिकवणीचा आधार घेऊन ते छायाचित्रासाठी उभे राहत नाहीत. दुरून, न विचारता, भिंगाने जवळ ओढून काढलेले छायाचित्रही त्यांना तितकेच खटकते. विशेषतः मुलांची छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा. शेते, कोठारे, वाळत घातलेले कपडे यांची छायाचित्रे रस्त्यावरून काढण्यास कोणी हरकत घेत नाही.

गप्पा मात्र अवश्य माराव्यात. ठेल्यावर उभ्या असलेल्या बाईंना रोपांविषयी, पिकाविषयी विचारले की संवाद सहज सुरू होतो. घरी ते जर्मनची एक बोली बोलतात व शाळेत इंग्रजी शिकतात, म्हणजे बहुतेक मुले आपल्या मुलांसारखीच दोन भाषांत वाढतात. “तुमच्याकडे वीज का नाही?” हा प्रश्न त्यांना रोज विचारला जातो. तो आपण विचारू नये.

रस्त्यावर घोडागाडी पुढे असेल तर काय करावे?

थांबावे. पाठीमागे केशरी त्रिकोण लावलेली करड्या रंगाची बग्गी पळत्या मोटारीच्या मानाने जवळजवळ उभीच असते आणि चढापलीकडे ती आहे हे कळेपर्यंत अंतर संपलेले असते. भोंगा वाजवू नये, घोडा बुजतो. समोरचा रस्ता पूर्ण दिसत असेल तेव्हाच, भरपूर अंतर ठेवून पुढे जावे. शनिवारी रात्री परतताना हे अधिक काटेकोरपणे पाळावे.

मोटार नसल्यास येता येते का?

लँकस्टर शहरापर्यंत सहज येता येते. फिलाडेल्फियाहून ॲमट्रॅकची आगगाडी सव्वा तासाच्या आसपास पोहोचते, आणि सेंट्रल मार्केट व शहरातील महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची कलादालनांची संध्याकाळ एवढे पाहून परत जाता येते. शेते, लिलाव आणि जत्रा यांसाठी मात्र मोटार लागते.

रोख पैसे बाळगावेत का?

बाळगावेत, आणि सुट्टे बाळगावेत. अनेक ठेल्यांवर कार्ड चालत नाही. काही शेतांच्या दारात तर भाजी, दरपत्रक आणि पैसे टाकण्याचा डबा एवढेच असते, माणूस नसतो.

हिवाळ्यात येण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि तो बहुतेकांना ठाऊक नाही. काउंटीच्या उत्तर सीमेवर मिडल क्रीक नावाचे सहा हजार एकरांहून मोठे वन्यजीव क्षेत्र आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चच्या आरंभी उत्तरेकडे निघालेले हिमहंस तेथील तलावावर उतरतात आणि भराच्या दिवसांत त्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. सूर्योदयाच्या सुमारास सगळा थवा एकदम उठतो, तेव्हा पाण्यावरची पांढरी चादर कोणीतरी उचलून झटकल्यासारखे वाटते, आणि आवाज इतका मोठा असतो की लहान मुले कान झाकतात. पक्ष्यांचा मुक्काम थंडीवर अवलंबून असतो. तलाव गोठलेला असेल तर ते उशिरा येतात, आणि उबदार वारे सुटले की एका रात्रीत निघून जातात. हे पहाटे पाहून त्याच शनिवारी मड सेलला जाणे हा आमच्या घरचा दरवर्षीचा बेत आहे. लोकरी मोजे दोन जोड आणि घोट्याच्या वर येणारे रबरी बूट एवढी तयारी हवी.

जानेवारीत शेजारच्या काउंटीतील हॅरिसबर्ग येथे राज्याचे कृषी प्रदर्शन भरते. ते १९१७पासून चालत आले आहे आणि पूर्णपणे छपराखाली असते. सुमारे एक हजार पौंड लोण्याचे शिल्प हे तेथील जुने आकर्षण आहे.

शनिवारी मुक्काम केला, तर रविवारी करायचे तरी काय?

रविवार अगदीच कोरडा जात नाही. स्ट्रासबर्गची आगगाडी हंगामात रविवारीही धावते. कोलंबिया गावापासून सस्क्वेहाना नदीच्या काठाने वर जाणारी सुमारे बावीस किलोमीटरची पायवाट आहे, जी बहुतांशी सपाट असल्याने लहान मुलांच्या सायकलींना सोयीची पडते. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत मॅनहाइमजवळ जुन्या इंग्लंडच्या वेशभूषेतला रेनेसाँ मेळा शनिवारी-रविवारी चालतो. तो खर्चीक असून त्याचा या भूमीशी फारसा संबंध नाही, पण तलवारबाजीवर मुले खूश होतात. उन्हाळ्यात लँकस्टरच्या लाँग्ज पार्कमध्ये रविवारी संध्याकाळी विनामूल्य संगीताचे कार्यक्रम होतात. सतरंजी आणि घरचा डबा नेण्यास पूर्ण मुभा आहे, आणि आम्ही तेथे अनेकदा थालीपीठ खाल्ले आहे.

गवतात, मक्यात फिरल्यावर काही काळजी घ्यावी लागते का?

होय. या राज्यात गोचिडींमुळे होणाऱ्या लाइम रोगाचे प्रमाण मोठे आहे. घरी पोहोचल्यावर मुलांच्या कानांमागे, काखेत आणि गुडघ्यांच्या मागे तपासावे. अंगाला चिकटलेली गोचीड दिसल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी, आणि नंतरच्या काही दिवसांत लाल चट्टा किंवा ताप आल्यास डॉक्टरांना गोचिडीविषयी आवर्जून सांगावे.

कार्यक्रमांच्या तारखा कोठे समजतात?

मोठ्या कार्यक्रमांच्या तारखा इंटरनेटवर मिळतात, पण लहान कार्यक्रमांसाठी अजूनही अग्निशमन केंद्राबाहेरचे फलक, किराणा दुकानाच्या दारातील चिठ्ठ्या आणि ‘लँकस्टर फार्मिंग’ हे एफ्राटाहून निघणारे साप्ताहिक यांवरच भिस्त ठेवावी लागते. त्या साप्ताहिकात ट्रॅक्टरांच्या आणि बियाण्यांच्या जाहिरातींमध्ये येत्या लिलावांच्या याद्या बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. शुक्रवारी बाजारात गेलात तर तेथेच कोणा विक्रेत्याला “उद्या कोठे काही आहे का?” असे विचारावे. छापलेल्या यादीत नसलेले एखादे जेवण किंवा एखादा लिलाव त्याला हमखास ठाऊक असतो, आणि रस्ता सांगताना तो गल्लीच्या नावाऐवजी कोणाच्या तरी कोठाराची खूण सांगतो, ती लिहून घ्यावी.